दोराची शिडी

दोराची शिडी म्हटली की श्रोत्यांना १६७० सालचा सिंहगड आठवतो. आम्हां रबाळ्याच्या कामगारांना टाकी आठवते. टाकीचे तोंड पुष्कळदा जेमतेम माणूस मावेल एवढेच. लाकडी शिडी आत तिरपी टेकत नाही, म्हणून दोराची सोडतात.

ही शिडी लोंबती. पाय ठेवताच पायरी पुढे सरकते, अंग मागे झुकते आणि सारा भार हातांवर येतो. म्हणून तिच्यावर कडेने चढावे : एक पाय पुढून, एक मागून. जहाजावर चढणाऱ्या पायलटाची शिडीही दोराचीच, पण तिला मध्ये मध्ये लांब आडव्या फळ्या असतात, त्यामुळे ती पिळत नाही.

मात्र चढायला माणूस शुद्धीवर लागतो. गाळ कुजून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड हवेहून जड, तळाशी साचतो. फार झाला की त्याचा वासही कळेनासा होतो. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा त्याच शिडीने उतरतो, तोही पडतो. बेशुद्ध माणसाला शिडी काय कामाची? त्याच्या अंगावर आधीपासून पट्टा हवा, पट्ट्याला दोर हवा. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३६ व्या कलमाने असा पट्टा सांगितला, आणि दोराचे मोकळे टोक बाहेरच्या माणसाने धरावे असेही सांगितले. मुकादम नुसती शिडी सोडू लागला, की आम्ही आधी ते टोक कोणाच्या हातात आहे ते विचारतो.