मतदार यादी कोणाच्या हाती?

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ६ नोव्हेंबर २०१८ रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली. गव्हर्नर, विधिमंडळाच्या २३६ जागा आणि काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहाच्या १४ जागा, सारे एकाच दिवशी. गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन ब्रायन केम्प यांच्यासमोर डेमोक्रॅटिक पक्षाच्या स्टेसी अब्राम्स उभ्या होत्या. त्या निवडून येत्या तर अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय महिला गव्हर्नर ठरल्या असत्या.

हे केम्प कोण? राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे मतदार नोंदणीचा आणि निवडणुकीचा कारभार ज्यांच्या खात्याकडे तेच! परीक्षार्थीनेच पेपर तपासावा असा हा प्रकार. अर्जातील नाव सरकारी नोंदीशी तंतोतंत जुळले पाहिजे, असा तिथे नियम होता. एखादे जोडचिन्ह राहिले की अर्ज अडकला. निवडणुकीच्या तोंडावर असे सुमारे ५३ हजार अर्ज अडकले होते आणि त्यांतील जवळजवळ ७० टक्के कृष्णवर्णीयांचे होते. राज्यात त्यांची लोकसंख्या मात्र एक तृतीयांशाहून कमी! ओळखपत्र दाखवून या लोकांना मतदान करता येत होते, हेही सांगितले पाहिजे. पण आपले नाव अडकले आहे असे कळल्यावर रोजंदारी बुडवून रांगेत कोण उभा राहणार? केम्प सुमारे ५५ हजार मतांनी जिंकले आणि दोन दिवसांनी त्यांनी ते खाते सोडले. अडकलेल्या अर्जांमुळेच निकाल फिरला असे आम्ही म्हणत नाही. २०२२ मध्ये न्यायालयानेही हे नियम बेकायदा ठरवले नाहीत. आमचा सवाल यादी कोणाच्या ताब्यात असावी, हा आहे.

बाबासाहेबांनी हा धोका आधीच ओळखला होता. १५ जून १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी सांगितले की, काही प्रांतांत वंशाने, भाषेने, संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांना यादीबाहेर ठेवण्याचे प्रकार चालले आहेत. म्हणून प्रांतिक सरकारांच्या हातून हे काम काढून एका स्वतंत्र आयोगाकडे सोपवले गेले. तेच आजचे कलम ३२४.

आता त्या आयोगाचे आयुक्त कोण निवडते? २०२३ च्या कायद्याने निवड समितीत पंतप्रधान, त्यांनीच नेमलेला एक केंद्रीय मंत्री आणि विरोधी पक्षनेता. तिघांत दोन सरकारचे! सरन्यायाधीशांना त्यात जागा नाही. २०२५ मध्ये बिहारच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली, आणि ती कारणांसह जाहीर करा असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

प्रारूप यादी लागते तेव्हा आपल्या वस्तीतील नावे एकेक करून वाचणारे किती कार्यकर्ते आपल्याकडे आहेत? नाव गळाले असेल तर नमुना ६ भरावा लागतो, आणि तो मतदानाच्या दिवशी भरून उपयोग नसतो.