जुळ्या नगरीची वाट: हुबळी आणि धारवाड

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावच्या आईबापांपुढे एकच प्रश्न उभा राहतो: मुलांना पुढील शिक्षणासाठी ठेवावे कोठे? मुंबई-पुण्याचा खर्च ज्यांना झेपत नाही, त्यांच्या बोलण्यात कधी कधी हुबळी-धारवाडचे नाव येते. परंतु आपले लेकरू अनोळखी नगरीत, परक्या भाषेत सोडून यावयाचे म्हणजे आईबापांच्या जिवाला घोर लागतो. बायबलातील वृद्ध तोबितानेही पुत्राला दूर धाडताना प्रथम वाट ठाऊक असलेला सोबती शोधावयास लावला. वाटेची माहिती ही निम्मी सोबत होय. म्हणूनच आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

कोठे उतरावे?

हुबळी-धारवाडची महानगरपालिका १९६२ पासून एकच असली, तरी गावे दोन आहेत आणि त्यांच्यामध्ये सुमारे २० किलोमीटरांचे अंतर आहे. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वीच आपले काम कोणत्या गावी आहे, ह्याचा निश्चय करावा. कर्नाटक विद्यापीठ, कृषी विद्यापीठ, उच्च न्यायालयाचे खंडपीठ ही धारवाडची. २०१६ मध्ये सुरू झालेली आयआयटीही धारवाडचीच. दक्षिण-पश्चिम रेल्वेचे मुख्यालय, मोठी व्यापारपेठ आणि विद्यानगरातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व इस्पितळ हुबळीस आहे.

मिरज, बेळगाव, लोंढा ह्या मार्गाने जाणाऱ्या गाडीला धारवाड आधी लागते व हुबळी नंतर. गोव्याहून लोंढ्यावरून येणाऱ्यांचेही तसेच. मात्र सोलापूरहून विजयपूर व गदगमार्गे जाणाऱ्यास प्रथम हुबळी लागते. रात्रीच्या प्रवासात डुलकी लागणाऱ्यांनी हा क्रम पक्का ध्यानात ठेवावा!

हुबळीचे सरकारी नाव २०१४ पासून ‘हुब्बळ्ळी’ झाले, आणि २०२० मध्ये रेल्वे स्थानकाला श्री सिद्धारूढ स्वामीजींचे नाव देण्यात आले. तिकिटावर हे लांबलचक नाव पाहून गोंधळून जाऊ नये; ‘यूबीएल’ हे जुने संकेताक्षर आजही तेच आहे. येथील एक फलाट १,५०७ मीटर लांब असून तो जगात सर्वांत मोठा गणला जातो. २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. कौतुक खरे, पण वृद्ध माणसे बरोबर असतील तर आपला डबा कोठे लागणार हे आधी विचारावे आणि हाताशी पुरेसा वेळ ठेवावा.

दोन्ही गावांतील ये-जा

दोन्ही गावांना जोडणाऱ्या हमरस्त्याच्या मधोमध जलद बससेवेसाठी स्वतंत्र मार्गिका बांधण्यात आली. तिच्या वातानुकूलित गाड्या २०१८ मध्ये धावू लागल्या. त्यांना ‘चिगरी’, म्हणजे हरिण, असे समर्पक नाव मिळाले आहे. त्यामुळे हुबळीस उतरून धारवाडला शिकणे, किंवा ह्याच्या उलट, अवघड राहिलेले नाही. मुलाची खोली पाहताना ती ह्या रस्त्यापासून किती दूर आहे, एवढे अवश्य पाहावे.

भाषा आणि मनोभाव

धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे मराठी समजणारी माणसे तेथे आजही भेटतात. तथापि त्यावर विसंबून राहणे बरे नव्हे. बसवरील पाट्या बहुधा कानडीत असतात. निदान आपल्या गावाचे नाव त्या लिपीत ओळखण्यास शिकावे. ‘एल्ली?’ म्हणजे कोठे, ‘एष्टु?’ म्हणजे किती. शेवटी आदराचा ‘री’ जोडला की ऐकणाऱ्याचा चेहरा खुलतो. सीमाभागाच्या वादाने दोन्ही बाजूंची मने पुष्कळदा कडवट झाली आहेत. तो कडवटपणा मुलांच्या ट्रंकेत भरून देऊ नये. ज्ञानपीठ पारितोषिकाचे मानकरी कविवर्य द. रा. बेंद्रे ह्यांच्या घरची भाषा मराठी. परंतु धारवाडच्या ह्या सुपुत्राने कानडी काव्याला वैभव दिले. भाषा शिकल्याने कोणी आपल्या आईस पारखा होत नाही, ह्याहून मोठा दाखला तो कोणता?

धर्माच्या दृष्टीने हा मुलूख १९५३ मध्ये स्थापन झालेल्या बेळगाव धर्मप्रांतात मोडतो. निघण्यापूर्वी आपल्या धर्मगुरूंकडून तेथील धर्मगुरूंच्या नावे ओळखीची चिठ्ठी घ्यावी आणि रविवारच्या मिस्सेची वेळ विचारून ठेवावी. मिस्सा कानडीत असली तरी तिचा क्रम तोच, वेदी तीच आणि ख्रिस्तप्रसादही तोच.

परतताना धारवाडी पेढ्यांचा पुडा घेण्यास विसरू नये. पण त्याआधी मुलाला घेऊन त्याच्या नव्या धर्मग्रामाच्या मंदिरात जावे, तेथील एका तरी कुटुंबाशी ओळख करून द्यावी, आणि मगच गाडीत बसावे. वसतिगृहाची पावती जितकी जरुरीची, तितकीच ही ओळखही जरुरीची आहे.