लांब शब्दांची फोड

गोंदिया जिल्ह्याच्या नकाशावर नवेगावबांध, इटियाडोह, बोदलकसा अशी लांब नावे आढळतात. तेथील रहिवासी ती सहज उच्चारतात. परक्या वाचकाची जीभ मात्र अडखळते. वस्तुतः त्यांतील सर्व अक्षरे परिचयाचीच असतात. अडचण येते ती शब्दाचा सांधा न सापडल्यामुळे.

'नवेगावबांध' हे नाव पाहावे. बोलताना त्याचे न-वे-गाव्-बांध् असे चार तुकडे पडतात. अशा तुकड्यांना उच्चारखंड म्हणता येईल. अर्थाच्या दृष्टीने मात्र त्यात घटक तीनच आहेत : नवे, गाव आणि बांध. बांध म्हणजे पाणी अडविणारी भिंत. या भागातील कोहळी समाज तलाव बांधण्याच्या कलेत पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. शब्दाची योग्य फोड होताच गावाच्या नावातील तलावही दिसू लागतो.

मराठीत घटकशब्दाच्या शेवटचा 'अ' बोलताना बहुधा लोपतो. 'गाव' असे लिहिले, तरी उच्चार 'गाव्' असा होतो. लिहिताना या लोपाची कोणतीही खूण करीत नाहीत. म्हणून सांधा चुकला की उच्चारही चुकतो. 'बोदलकसा' हा शब्द कोणी बोद-लकसा असा तोडला, तर तो 'बोद्-लक्-सा' असे म्हणेल. परंतु याच जिल्ह्यात सालेकसा आणि दरेकसा ही गावेही आहेत. तिन्ही नावांच्या शेवटी 'कसा' आहे. त्यावरून बोदल-कसा ही फोड लक्षात येते आणि 'बो-दल्-क-सा' हा उच्चार साधतो. त्याचप्रमाणे इटियाडोह व मुरकुटडोह ही नावे शेजारी ठेवली, म्हणजे 'डोह' हा घटक आपोआप वेगळा होतो.

काही शब्दांत सांधा उच्चारखंडाच्या पोटातच दडलेला असतो. 'जलाशय' या शब्दाचे उच्चारखंड ज-ला-शय् असे आहेत; घटक मात्र जल आणि आशय असे आहेत. संधीमुळे दोन्ही स्वर 'ला' या एकाच खंडात मिसळून गेले आहेत.

ही अडचण केवळ मराठीपुरती नाही. युरोपातील डच भाषेत नामाला नाम जोडून एकच लांब शब्द लिहिण्याची रीत आहे. त्या भाषेतील 'क्वार्टस्लाखेन' हा शब्द क्वार्ट-स्लाखेन असा तोडला, तर 'पाव फेरे' असा अर्थ होतो. क्वार्ट्स-लाखेन असा तोडला, तर 'गारगोटीचे थर' असा होतो. अक्षरे तीच, केवळ 'स' कोणाच्या वाट्याला जातो, यावर अर्थ ठरतो.

यास्तव लांब शब्द दिसताच बिचकू नये व घाईही करू नये. प्रथम ओळखीचा घटक शोधावा, तसाच घटक असलेले दुसरे शब्द आठवावेत, सांधा निश्चित करावा आणि मगच उच्चार करावा. सांधा सापडला म्हणजे लांब शब्दही सोपा होतो.

स्वाध्याय

१. उच्चारखंड आणि घटकशब्द यांतील फरक 'जलाशय' या शब्दाच्या आधारे सांगा.
२. आपल्या तालुक्यातील पाच जोडनावे लिहून त्यांची फोड करा.