सूर आपोआप बदलतो तेव्हा

नांदेड-लातूरकडे लग्नाचा ऑर्केस्ट्रा असो की भीमगीतांचा कार्यक्रम, कीबोर्ड मिडी केबलनं सिंथेसायझरला जोडला की कधी कधी आवाज मध्येच खाली जातो, सूर थरथरतो किंवा बासरीची सनई होते. दोष बहुधा सिंथेसायझरचा नसतो. १९८३ पासून रूढ असलेल्या या केबलमधून आवाज जातच नाही, नुसते हुकूम जातात: कुठली पट्टी दाबली, किती जोरानं. शिवाय ० ते १२७ क्रमांकांचे कंट्रोल संदेश. १ म्हणजे मॉड्युलेशन, ७ म्हणजे व्हॉल्यूम, ६४ म्हणजे सस्टेन पेडल. धूळ बसलेला स्लायडर कुणी न हलवताही संदेश पाठवत राहू शकतो. मैदानातल्या मंचावर ही धूळ टाळणं अवघडच.

आधी केबल काढून सिंथेसायझर एकटा वाजवा. तो नीट वाजला, तर मिडी मॉनिटर ॲप उघडा आणि कीबोर्डला हात न लावता कुठला क्रमांक येतोय ते पाहा. तेवढाच संदेश बंद करा. वाद्य बदलत असेल तर प्रोग्राम चेंज हा संदेश बंद करा. सिंथेसायझरला मिडीच्या १६ चॅनेलपैकी एकच ऐकू द्या. सस्टेन उलटा चालत असेल, तर पेडल न दाबता कीबोर्ड पुन्हा सुरू करा. बरेच कीबोर्ड सुरू होतानाच पेडलची दिशा ठरवतात.