‘लक्ष घालतो’ म्हटलं की नोंद होते

मंत्री सभागृहात उभे राहतात आणि सांगतात, ‘हा विषय विचाराधीन आहे.’ ऐकणाऱ्याला वाटतं, झालं, टोलवलं! दिल्लीत मात्र त्या वाक्याचा खरा प्रवास तिथून पुढे सुरू होतो. कामकाजाचा वृत्तांत चाळून ते वाक्य वेचून काढलं जातं, त्याची आश्वासन म्हणून नोंद होते आणि संसदीय कामकाज मंत्रालयामार्फत संबंधित खात्याला कळवलं जातं: तुमच्या मंत्र्यांनी शब्द दिलाय, तीन महिन्यांत पुरा करा.

लोकसभेची शासकीय आश्वासन समिती या शब्दांचा हिशेब ठेवते. ती १ डिसेंबर १९५३ रोजी स्थापन झाली. तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर. समितीत जास्तीत जास्त पंधरा खासदार, आणि मंत्र्याला तिथे जागा नाही.

मला सगळ्यात भुरळ घालते ती समितीची यादी. कोणत्या धर्तीचं बोलणं आश्वासन मानायचं, ते तिथे लिहून ठेवलेलं आहे. ‘यात लक्ष घालतो’, ‘चौकशी चालू आहे, माहिती सभागृहाला दिली जाईल’, ‘राज्य सरकारांना लिहितो’, ‘काय करता येईल ते पाहतो’. इतकंच काय, ‘दौऱ्यावर जाईन तेव्हा प्रत्यक्ष पाहीन’ हेसुद्धा! आपण घरीदारी ज्या बोलण्यावर वेळ मारून नेतो, जवळजवळ तेच सगळं. कुणीतरी शांतपणे बसून सरकारी पळवाटांचे नमुने गोळा केले आणि प्रत्येकावर वसुलीचा शिक्का मारला, ही कल्पनाच मला भन्नाट वाटते.

पुढचं काम चिवट आहे. खात्याने पूर्ततेचा अहवाल द्यायचा, तो सभागृहाच्या पटलावर ठेवला जातो. मुदतीत जमलं नाही तर कारण सांगून मुदतवाढ मागायची. शब्द पाळणं शक्यच नसेल तर तो वगळण्याची विनंती करायची, पण ती मान्य करायची की नाही हे समिती ठरवते. फारच रेंगाळलं तर खात्याच्या सचिवांना साक्षीला बोलावलं जातं. ही बैठक बंद दाराआड असते, कॅमेरे नसतात. तिथे आरडाओरडा करून काहीच मिळवायचं नसतं, त्यामुळे प्रश्न नेमके विचारता येतात. समिती कुणाला शिक्षा करू शकत नाही, आणि मुदतवाढीच्या अर्जांवर वर्षं निघून जातात, हेही खरंच. तरी उत्तराचा मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला प्रत्येक ‘पाहतो’ लिहिताना हात आखडावा लागतो, ही मला छोटी गोष्ट वाटत नाही.

आणखी एक गंमत. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यात प्रलंबित असलेली विधेयकं रद्द होतात. दिलेली आश्वासनं मात्र उरतात, नव्या समितीपुढे येतात. प्रश्न विचारणारा खासदार निवडणुकीत पडलेला असतो, शब्द देणारे मंत्री कधीच बदललेले असतात, आणि त्या खुर्चीवर नुकताच आलेला सचिव त्यांच्या ‘लक्ष घालतो’चा जाब देत असतो.

महाराष्ट्राच्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. तेव्हा ‘मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिलाय’ असं तुमच्या आमदारांनी सांगितलं, तर कोणत्या तारखेला दिला तेवढं विचारून घ्या.