फ्यूजला न कळणारी ठिणगी

‘फ्यूज आहे, एमसीबी आहे, मग आग लागेल कशी?’ गच्चीवर सोलर बसवलेल्या घरांत हा प्रश्न हमखास ऐकू येतो. पण फ्यूजला फक्त जादा करंट कळतो. 540 वॉटची सहा पॅनल एका रांगेत जोडली, तर भर उन्हात साधारण 250 व्होल्ट आणि 13 अँपिअर मिळतात. एखादा कनेक्टर नीट क्रिम्प केलेला नसेल, किंवा त्याची दोन टोके वेगवेगळ्या कंपन्यांची असतील, तर सांधा तापत जातो, केसाएवढी फट पडते आणि वीज त्या फटीतून आर्क होऊन वाहू लागते. अशा वेळी करंट वाढत नाही, उलट थोडा घटतो. प्लास्टिक वितळत असते आणि एमसीबी जागचा हलत नाही. पॅनल थेट शॉर्ट केले तरी करंट जेमतेम 14 अँपिअरपर्यंत जातो. त्यावर 20 अँपिअरचा फ्यूज कसा उडेल?

‘ठिणगी काय, घरातल्या स्विचमध्येही उडते.’ खरे आहे, पण घरातला एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो आणि तेवढ्यात ठिणगी विझते. पॅनलमधून येणारा डीसी शून्यावर येतच नाही. म्हणूनच डीसी बाजूला एसीचा एमसीबी बसवणे घातक आहे.

मग आर्क ओळखायचा कसा? त्याच्या थरथरीवरून. आर्कमुळे करंटमध्ये अनेक किलोहर्ट्झचा अनियमित गोंगाट मिसळतो. इन्व्हर्टरमधला सेन्सर तोच हुडकतो आणि इन्व्हर्टर थांबवतो. पंचाईत अशी की इन्व्हर्टरच्या स्वतःच्या स्विचिंगचा गोंगाटही त्याच पट्ट्यात येतो, त्यामुळे कधी खोटा इशारा मिळतो, तर कधी लांब केबलमध्ये खरा आर्क हरवतो. अमेरिकेच्या वीजसंहितेने 2011 मध्ये इमारतींवरील 80 व्होल्ट व त्यापुढच्या सोलर डीसी यंत्रणांना हे संरक्षण सक्तीचे केले, तेव्हापासून हा गोंगाट निवडण्याची खटपट सुरूच आहे. तरीही ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून ही सोय बंद करून घेऊ नका. आधी प्रत्येक कनेक्टर तपासून घ्या, तोही डीसी आयसोलेटर बंद केल्यावरच. चालू करंटवर कनेक्टर ओढला, तर हातातच आर्क पेटेल.

आणि ‘इन्व्हर्टरने ओळखले म्हणजे विझले’ हेही अर्धेच खरे. सांध्यातला आर्क इन्व्हर्टर थांबताच विझतो. पण धन आणि ऋण केबलींचे आवरण घासून त्यांच्यात आर्क पेटला, तर उन्हातली पॅनल त्याला वीज पुरवतच राहतात. म्हणून जाणता वायरमन या दोन केबली वेगळ्या पाइपांतून नेतो.