लघुनामे व शोधमार्ग : एका नावाचे दोन वाचक

मोठी आज्ञावली अनेक फाइलींत विभागलेली असते आणि एका फाइलीस दुसरीतील व्याख्यांचा उपयोग करावा लागतो. त्यासाठी दुसरीचा पत्ता द्यावा लागतो. '../../साधने/मापन' हा सापेक्ष पत्ता होय. स्वतःच्या फोल्डरापासून दोन पायऱ्या वर चढून 'साधने' या फोल्डरात उतरावे, असा त्याचा अर्थ. परंतु पत्ता देणारी फाइलच अन्यत्र हलविली, तर तो निरर्थक ठरतो.

ही अडचण टाळण्यासाठी लघुनामांची योजना केली जाते. टाइपस्क्रिप्ट भाषेत ती २.० या आवृत्तीपासून (२०१६) उपलब्ध आहे. प्रकल्पाच्या 'टीएसकॉन्फिग' फाइलीत 'पाथ्स' या शीर्षाखाली '@साधने/*' या लघुनामापुढे 'सोर्स/साधने/*' हा खरा पत्ता नोंदवावयाचा. तारकेच्या जागी जो मजकूर येईल तो जसाच्या तसा पत्त्यात उतरतो. एका लघुनामापुढे अनेक पत्ते दिल्यास कंपायलर ते क्रमाने तपासतो व प्रथम सापडलेली फाइल स्वीकारतो.

येथेच एक गैरसमज संभवतो. ही नोंद केवळ कंपायलर वाचतो. तो तिच्या आधारे प्रकारांची तपासणी करतो. तथापि निर्माण होणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये लघुनाम बदलून खरा पत्ता घालीत नाही. पुढे ती आज्ञावली नोड चालवितो, आणि त्यास 'टीएसकॉन्फिग' अज्ञात असते. '@साधने/मापन' हे त्याच्या दृष्टीने बाहेरून आणलेल्या एखाद्या पॅकेजचे नाव ठरते. म्हणून तो 'नोड-मॉड्यूल्स' या फोल्डराचा शोध घेत एकेक पायरी वर जातो आणि अखेरीस मॉड्यूल सापडत नसल्याचे कळवितो. सारांश, तपासणी निर्दोष असूनही आज्ञावली चालत नाही.

यावर दोन उपाय आहेत. व्हीट किंवा वेबपॅक यांसारखे साधन वापरीत असल्यास त्याच्याही मांडणीत तेच लघुनाम नोंदविता येते. मात्र दोन्ही नोंदींत एकवाक्यता राखण्याचा भार प्रकल्पावर पडतो. दुसरा उपाय नोडच्याच 'इम्पोर्ट्स' या नोंदीचा. ती 'पॅकेज.जेसन' फाइलीत असते आणि तीतील नावे '#' या चिन्हाने आरंभ होतात. त्यामुळे बाहेरील पॅकेजांशी त्यांची गल्लत होत नाही. टाइपस्क्रिप्टच्या ४.७ या आवृत्तीपासून (२०२२) नोडला अनुसरणारी शोधपद्धती निवडल्यास कंपायलरही हीच नोंद वाचतो.

तात्पर्य, लघुनाम कोठे नोंदवावे हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. आज्ञावली तपासणारा आणि ती चालविणारा हे भिन्न वाचक असतात. दोघांस एकच अर्थ कळेल अशा ठिकाणीच ते नोंदविणे इष्ट होय.